नावाआधीचे शेख, नावानंतरचे शेख

माझ्यासमोर दोन कागद आहेत. पहिला माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर आडनावाच्या जागी ‘शेख’ आणि जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ असे लिहिले आहे. दुसरा कागद म्हणजे कोतवाल बुकातल्या, अर्थात गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतल्या एका पानाची नक्कल. नोंद मोडीत आहे. तीत माझ्या आजोबांचा जन्म नोंदवलेला आहे आणि त्यांच्या वडिलांच्या नावापुढे ‘पिंजारी’ असा शब्द आहे. शेख हा शब्द त्या ओळीत कोठेही नाही.

हे कागद जमवण्याचे कारण घरगुती होते. पुतणीच्या प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे होते. इतर मागासवर्गाचा दावा करायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. जुने पुरावे आमच्याकडे होते. पण एक ‘शेख’ सांगत होता आणि दुसरा ‘पिंजारी’. हे दोघे एकाच घरातले कशावरून, असा प्रश्न आम्हाला विचारण्यात आला. प्रश्न कायद्याने रास्त होता. मात्र तो ऐकताना मला जाणवले, की ज्या शब्दाने मला आयुष्यभर हाक मारली गेली, तो आमच्या घरात कधी आला आणि का आला, हे मी कधी विचारलेच नव्हते.

जामखेड परिसरातल्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट काढा, त्यात चार-सहा शेख सापडतीलच. माझ्या वर्गात तर गुरुजी आम्हाला आडनावाने हाक मारण्याच्या फंदात पडत नसत. एक हाक मारली की तिघे उभे राहायचे. इतक्या लोकांचे आडनाव एकच कसे? आम्ही सगळे एका कुळातले नाही, सोयरिकीतले नाही, कित्येकदा एका धंद्यातलेही नाही. मग हा शब्द आम्हा सर्वांना चिकटला कसा?

शब्दाचे वय

‘शेख’ हा अरबी शब्द. उच्चार ‘शैख’च्या जवळचा. त्याच्या मुळाशी वय होणे, म्हातारे होणे ही क्रिया आहे. कुराणात हा शब्द मोजक्या ठिकाणी येतो आणि तेथे त्याचा अर्थ सरळ ‘वृद्ध माणूस’ एवढाच आहे. इब्राहीमच्या पत्नीला म्हातारपणी मूल होणार असे कळते, तेव्हा ती आपल्या नवऱ्याच्या वयाकडे बोट दाखवते. यूसुफचे भाऊ आपल्या थकलेल्या बापाचा दाखला देतात. मूसाला विहिरीवर भेटलेल्या मुली आपले वडील वृद्ध असल्याचे सांगतात. तिन्ही ठिकाणी हाच शब्द आहे.

टोळ्यांच्या समाजात वय आणि अधिकार बरोबरच चालतात. त्यामुळे म्हातारा तो टोळीचा कारभारी, कारभारी तो प्रमुख, असा अर्थ वाढत गेला. आपल्याकडे ‘थोरला’ किंवा ‘वडील’ या शब्दांनी हेच केले आहे. पुढे ज्याच्यापाशी ज्ञान आहे तो शेख झाला. इस्लामचे पहिले दोन खलिफा अबू बक्र आणि उमर यांना मिळून ‘शैखैन’ म्हणजे दोन शेख म्हणतात. वैद्यक आणि तत्त्वज्ञानात नाव कमावलेल्या इब्न सीनाला ‘शैख अल्-रईस’ ही पदवी होती. सूफी पंथांत तर शेख म्हणजे गुरू. फारसीत त्यालाच पीर म्हणतात आणि ‘पीर’ शब्दाचा मूळ अर्थही म्हातारा हाच.

या सगळ्या वापरांत एक गोष्ट समान आहे. शेख हे नाव नव्हे, नावाआधी लावायचा मान आहे. आजही अरब देशांत राजघराण्यातल्या पुरुषाच्या नावाआधी शेख आणि स्त्रीच्या नावाआधी शेखा असते. जामखेडकडचा एखादा पोरगा नोकरीसाठी आखातात उतरतो तेव्हा त्याच्या पारपत्रावर आडनाव ‘शेख’ असते. तेथे तो शब्द राज्यकर्त्यांचा, आणि हा मात्र वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करायला गेलेला! आमच्यातले तिकडून परतलेले लोक ही गंमत हसत सांगतात.

मराठीने हा शब्द दुसऱ्या वाटेनेही घेतला. ‘शेखी मिरवणे’ यातली शेखी फारसीतून आली आणि तिचे मूळ शेखच. मोठेपणा नसताना शेखपणाचा आव आणणे ती शेखी. हवेत इमले बांधणारा शेखचिल्ली हाही याच कुळातला. हरयाणातल्या ठाणेसरला या नावाने ओळखली जाणारी मोगल काळातली कबर आहे आणि ती एका सूफीची मानली जाते. ‘शेखर’ हा शब्द मात्र संस्कृत असून त्याचा या कुळाशी काही संबंध नाही. मान देणारा एक शब्द आणि त्या मानाची टिंगल करणारा दुसरा, असे दोन्ही एकाच मुळातून आपल्या भाषेत नांदत आहेत. ही टिंगल पुढे पुन्हा भेटेल.

समुद्राकडून आणि डोंगराकडून

अरबी नावे महाराष्ट्राच्या भूमीवर आली ती समुद्रमार्गे, आणि फार लवकर. अरब प्रवासी अल्-मसऊदी इ.स. ९१६च्या सुमारास सैमूर, म्हणजे आजचे चौल, येथे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले. त्यानंतर दहाच वर्षांनी, शके ८४८मध्ये (इ.स. ९२६) कोरलेला राष्ट्रकूटकालीन ताम्रपट आजच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. संजाणचा कारभार पाहणारा ‘ताजिक’, म्हणजे अरब, अधिकारी त्यात आहे. त्याचे नाव ‘मधुमति’ असे कोरले आहे. अभ्यासकांच्या मते हा महंमदच. संस्कृत लेखकाने आपल्या कानाला रुचेल असे रूप त्या अरबी नावाला दिले. देवीच्या मठिकेच्या दानाशी जोडलेला हा ताम्रपट म्हणजे परके नाव आपल्या लिपीत घेण्याचा आपल्याकडचा एक फार जुना नमुना आहे.

आता एक विसंगती पाहा. ज्या कोकण किनाऱ्यावर अरबांचे प्रत्यक्ष येणेजाणे होते, तेथल्या मुसलमानांची आडनावे आज बरीचशी मराठी वळणाची आहेत. पारकर, परकार, दलवाई, चौगुले, अंतुले अशी ती नावे. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे, हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. गाव, वतन, हुद्दा यांवरून कोकणात आडनाव पडते, तसेच ते तेथल्या मुसलमानांतही पडले. उलट घाटावर, जेथे अरबांचे गलबत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता, तेथे गावोगाव अरबी ‘शेख’. ज्यांचा अरबांशी संबंध सांगता येतो ते पारकर आणि ज्यांचा सांगता येत नाही ते शेख! तेव्हा या आडनावाच्या प्रसाराचे कारण वंशात शोधण्यात अर्थ नाही.

घाटावर हा शब्द आला तो मुख्यतः सूफींबरोबर. चौदाव्या शतकात दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या परंपरेतले शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब दौलताबादच्या परिसरात आले. इ.स. १३३७मध्ये ते वारले. खुलदाबादला त्यांचा दर्गा आहे. त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन यांचाही तेथेच. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी या गुरूच्या नावावरून बुऱ्हाणपूर वसवले. ही नावे उच्चारताना शेख आधी येतो, आणि तो आडनाव म्हणून येत नाही. ‘स्वामी’ किंवा ‘महाराज’ म्हणावे तसा तो आहे.

श्रीगोंद्याचे शेख महंमद

आमच्याच जिल्ह्यात या शब्दाचे एक अस्सल मराठी उदाहरण आहे. श्रीगोंदा, म्हणजे जुने चांभारगोंदे, येथे शेख महंमदांचे स्थान आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतले हे संतकवी. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १५६७मध्ये (इ.स. १६४५) पुरा झाला. ‘पवनविजय’ आणि ‘निष्कलंक प्रबोध’ या त्यांच्या आणखी रचना. चांद बोधले हे त्यांचे गुरू. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू हेच, असे परंपरा सांगते. मालोजीराजे भोसले यांनी त्यांना श्रीगोंद्यास आणून मठ बांधून दिला, अशीही परंपरा आहे.

शेख महंमद स्वतःला ‘अविंध’ म्हणवतात. ज्याचे कान टोचलेले नाहीत तो अविंध, म्हणजे मुसलमान. आपण कोणत्या घरात जन्मलो हे ते लपवत नाहीत आणि आपल्या हृदयात कोणता देव आहे हेही लपवत नाहीत. अभंगाच्या मुद्रिकेत ते आपले नाव ‘शेख’सकट घालतात. हा शेख काय सांगतो? कुळ, की गुरुपद, की दोन्ही? एवढे नक्की, की वारकरी परंपरेने तो शब्द त्यांच्या नावापासून सोडवला नाही. उलट त्याच्या दुसऱ्या टोकाला आपला शब्द जोडला आणि ‘शेख महंमद महाराज’ असे म्हटले. आधी अरबी मान, मध्ये नाव, शेवटी मराठी मान. त्या नावात शेख अजून आपल्या मूळ जागी, मूळ अर्थाने उभा आहे.

उपपद सर्वांचे होते

मग हा गुरूचा शब्द पिंजाऱ्याच्या घरी कसा आला?

हिंदुस्थानातल्या मुसलमानांत उच्च समजल्या गेलेल्या चार वर्गांची जुनी मांडणी आहे : सय्यद, शेख, मोगल आणि पठाण. सय्यद म्हणजे पैगंबरांच्या कन्येचे वंशज, मोगल आणि पठाण म्हणजे मध्य आशियातून व अफगाण मुलखातून आलेले. शेख म्हणजे मूळचे अरब. त्यांतही अबू बक्रच्या वंशाचे सिद्दीकी, उमरच्या वंशाचे फारुकी, पैगंबरांचे चुलते अब्बास यांच्या वंशाचे अब्बासी. खानदेशावर १३८२ ते १६०१ राज्य करणारे फारुकी आपला संबंध खलिफा उमरशी सांगत तो याच हिशेबाने.

या चौकटीत बाकीच्यांनी जायचे कोठे? सय्यद व्हायला वंशावळ लागते, पठाण व्हायला निदान चेहरा आणि तलवार लागते. शेखांचा दरवाजा त्या मानाने रुंद होता, कारण शब्दाचा मूळ अर्थच मोकळा होता. ज्या शेखाच्या, म्हणजे गुरूच्या, हातून घराण्याने दीक्षा घेतली त्याच्या मानाने शिष्याने आपल्या नावाआधी तो शब्द लावावा, अशी रीत पडली. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांचे जे खंड निघाले, त्यांत शेखांविषयी हेच स्पष्टीकरण येते : थोडे अरब कुळी सांगणारे, आणि बहुसंख्य स्थानिक, ज्यांनी गुरूच्या मानाने हे उपपद घेतले.

गुरूचा शब्द शिष्याच्या घराण्याला चिकटण्याची ही रीत इस्लामपुरतीही राहिली नाही. राजस्थानातले शेखावत राजपूत ज्या राव शेखापासून आपली शाखा सांगतात, त्या पंधराव्या शतकातल्या पुरुषाचे नाव शेख बुऱ्हाण नावाच्या फकिराच्या आशीर्वादावरून ठेवले गेले, अशी त्यांची परंपरा आहे. हिंदू घराण्यांनी मुलाचे नाव फकीरराव किंवा शहाजी ठेवल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेतच.

ज्यांच्याकडे आधीपासून मान होता त्यांना हे रुचले नाही. जुन्या खानेसुमारीच्या काळातल्या पुस्तकांत एक फारसी म्हण वारंवार येते. कालचा विणकर आज शेख झाला, धान्याला भाव आला तर पुढच्या वर्षी सय्यदही होईल, असा तिचा रोख. वर सांगितलेली ‘शेखी’ ती हीच. विद्वानांनी ही म्हण सामाजिक चढणीचा पुरावा म्हणून वापरली आणि ते बरोबरही आहे. पण ती म्हण चढणाऱ्याची नाही, वर बसलेल्याची आहे. चढणाऱ्याला काय वाटत होते ते तीत नाही.

माझ्या आजोबांच्या बाबतीत मला ते थोडे ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली, थंडी पडू लागली की ते पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या-रजयांचा कापूस पिंजायला जात. धनुष्यासारखी ती पिंजण, तिला ताणलेली तात, आणि तात छेडली की निघणारा तो घुमता आवाज. अंगणात शिरताना हाक यायची, ‘ए पिंजाऱ्या’. काम सन्मानाचे होते, हाक नव्हती. हेच आजोबा मुलाला शाळेत घालायला गेले आणि गुरुजींनी आडनाव विचारले, तेव्हा त्यांनी ‘शेख’ सांगितले. घरात त्याला कोणी लबाडी मानले नाही. आमच्या लग्नपत्रिकेवर, कबरीवर, नमाजाच्या जमातीत आम्ही शेखच होतो. शाळेच्या वहीत मुलाच्या नावाबरोबर काय जावे, हे निवडण्याची संधी आयुष्यात एकदाच आली आणि त्यांनी मानाचा शब्द निवडला.

रकान्याने केलेले आडनाव

येथे जामखेडच्या भूगोलाकडे यावे लागते. आमचा तालुका इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. उत्तरेला आणि पूर्वेला मात्र निजामाचा मुलूख. आष्टी, पाटोदा, भूम ही गावे हैदराबाद संस्थानात. १७९५मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डा आमच्याच तालुक्यात. ही सरहद्द १९४८मध्ये हैदराबाद संस्थान संपेपर्यंत आणि त्यानंतर १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात येईपर्यंत कागदोपत्री टिकली. बाजार, सोयरिकी, उरूस यांना ती कधीच अडवू शकली नाही. नावांवर मात्र तिची खूण राहिली.

सरहद्दीच्या अलीकडे माणसाचे नाव मराठी पद्धतीने लिहितात : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, शेवटी शेख. पलीकडे मराठवाड्यात शेख आधी येतो, आणि एकदा नाही, दोनदा : शेख अमुक शेख तमुक. पहिला शेख मुलाचा, दुसरा बापाचा. माझे आजोळ आष्टीकडचे. तिकडचे जुने कागद उर्दूत आहेत आणि नानांचे नाव त्यांत असेच दोन शेखांचे आहे. वऱ्हाड-खानदेशातही ही रीत भेटते. या दुहेरी नावात शेख अजून उपपदच आहे. ‘श्री’सारखा तो प्रत्येकाच्या नावाला स्वतंत्र लागतो. अलीकडच्या नावात मात्र तो एकदाच येतो, शेवटी येतो, बापलेकांत सामाईक असतो. म्हणजे आडनाव झाला.

हा बदल घडवला तो शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराने. मराठी वहीत आधी आडनाव, मग मुलाचे नाव, मग बापाचे, असा क्रम. नावाआधी शेख लावणाऱ्या माणसाचे नाव या रकान्यांत अलगद बसले. पहिला शब्द शेख, पहिला रकाना आडनावाचा. लिहिणाऱ्याला काही बदलावेच लागले नाही. पुढे मतदारयादीत आडनाव शेवटी गेले, तेव्हा शेखही शेवटी गेला. मान नावाच्या आधी होता, तो नावाच्या नंतर गेला आणि जाताना त्याचा अर्थ गळून पडला.

अशा रीतीने अरबी शब्दांची आडनावे होणे ही मुसलमानांपुरती गोष्ट नाही. मुजुमदारांतला ‘मजमू’ म्हणजे जमा, मुतालिक, सराफ, वकील, मुकादम, इनामदारांतला ‘इनाम’, जमादारांतला ‘जमा’, हवालदारांतला ‘हवाला’, वाकनिसांतला ‘वाका’, फडणिसांच्या फर्दनवीस या मूळ रूपातली ‘फर्द’ हे सगळे अरबी. दप्तराची भाषा फारसी होती, तिने अरबी शब्द आणले, हुद्दे पडले आणि हुद्द्यांची आडनावे झाली. गावगाड्यातही हेच. बारा बलुतेदारांच्या जुन्या यादीतला मुलाणा अरबी ‘मौला’तून आला. काझी, अत्तार, मुजावर, खतीब हेही अरबी. पण या शब्दांत काम दिसते. अत्तार म्हटले की सुगंध विकणारा, सराफ म्हटले की नाणी पारखणारा. शेखमध्ये काम दिसत नाही. म्हणूनच तो सगळ्यांना बसला. पिंजारी, तांबोळी, मणियार, बागवान, फकीर यांपैकी कोणीही आपले काम त्याच्याखाली झाकू शकत होते, आणि पुष्कळांनी झाकले.

बायकांच्या बाबतीत या रजिस्टराने आणखी एक गोष्ट केली. माझ्या आजीच्या नावाला शेख नव्हता. तिच्या नावामागे ‘बी’ होते, बस्स. शेख पुरुषांचा मान होता. माझ्या बहिणी शाळेत गेल्या आणि आडनावाच्या रकान्यात त्याही शेख झाल्या. अरबीच्या नियमाने त्या शेखा व्हायला हव्या होत्या. मराठी शाळेने तो नियम मानला नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या मुलींना मुलांच्या बरोबरीचे नाव पहिल्यांदा मिळाले ते शाळेत.

एक शेख असाही

जामखेडहून फार दूर नसलेल्या बार्शीत १९१६मध्ये एक मुलगा जन्मला. त्याचे नाव महबूब हुसेन पटेल. पटेल हे गावकीतले वजनदार नाव. हा मुलगा पुढे गिरणी कामगारांत, शेतकऱ्यांत, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत डफ घेऊन उभा राहिला आणि शाहीर अमर शेख या नावाने ओळखला गेला. अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. १९६९मध्ये ते गेले.

मला या नावात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वतनदारी सुचवणारा पटेल जाऊन सामान्यांचा शेख आला. खानेसुमारीतल्या म्हणीप्रमाणे शेख ही वर चढण्याची पायरी होती. येथे ती गर्दीत मिसळण्याची पायरी आहे. आणि पुढे? त्यांची कन्या, कवयित्री मलिका अमर शेख. वडिलांनी घेतलेले नाव लेकीने आख्खेच्या आख्खे आपल्या नावामागे लावले. ‘अमर’ मराठी-संस्कृत, ‘शेख’ अरबी, आणि दोन्ही मिळून एक मराठी आडनाव. श्रीगोंद्याच्या शेख महंमद महाराजांत शेख नावाआधी होता. बार्शीच्या शाहिरात तो नावानंतर आहे. दोघांनीही तो शब्द मराठीत अगदी घरचा करून टाकला.

पुन्हा ते दोन कागद

पिंजाऱ्यांची एकंदर चार नावे आहेत, हे मला या शोधात कळले. ‘पिंजारी’ मराठी; पिंजणे या क्रियेवरून आलेले. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाकडे तेच लोक ‘नदाफ’. अरबीत कापूस पिंजणारा तो नद्दाफ. उत्तरेकडे ‘मन्सूरी’, हे नाव मन्सूर हल्लाजवरून सांगतात. ‘मीच सत्य आहे’ असे म्हटल्याबद्दल स्मरणात राहिलेला आणि इ.स. ९२२मध्ये बगदादला देहदंड झालेला हा सूफी. मन्सूर हे खरे तर त्याच्या बापाचे नाव. त्याचे स्वतःचे हुसेन. आणि हल्लाज? अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. सूफी काव्याने डोक्यावर घेतलेला हा माणूस नावाने आमच्याच धंद्यातला निघाला. चौथे नाव शेख. तीन नावांत कापूस आहे. चौथ्यात फक्त मान.

महाराष्ट्रात १९९०च्या दशकात जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. मुसलमानांतही व्यवसायांवर पडलेल्या जाती आहेत, त्यांची स्थिती त्याच व्यवसायांतल्या हिंदू जातींसारखीच आहे, तेव्हा सवलती त्यांनाही मिळाव्यात, असे त्यांचे म्हणणे. १९९४मध्ये राज्य सरकारने त्या दिशेने निर्णय घेतला. या चळवळीने आमच्यासारख्यांना एक अवघड गोष्ट करायला सांगितली : जे नाव बापजाद्यांनी मानासाठी मागे ठेवले ते हक्कासाठी पुन्हा उचला. पुष्कळांना ते जड गेले. घरात वाद झाले. शेख म्हणून मिळालेली चार माणसांतली बरोबरी आणि पिंजारी म्हणून मिळणारी शिक्षणातली जागा यांत निवड करायची होती, आणि कायद्याला दोन्हींपैकी एकच नाव हवे होते.

आमच्या प्रकरणात शेवटी उपयोगी पडले ते कोतवाल बुकच. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घेतले, वंशावळीचे शपथपत्र केले, गावातल्या वृद्धांचे जबाब झाले. त्यांतल्या एका आजोबांनी सांगितले, की यांच्या दारात पिंजण टांगलेली मी पाहिली आहे. आधी अर्ज फेटाळला जाईल असे वाटत होते. तो मंजूर झाला. पुतणी आता शिकते आहे.

या सगळ्या कागदांवर जिल्ह्याचे नावही दोन प्रकारे आहे. जुन्यांवर ‘अहमदनगर’, मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या शहराचे अर्धे अरबी नाव. नव्यांवर ‘अहिल्यानगर’, २०२४मध्ये झालेल्या नामांतराने आमच्याच तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचे. हे दोन जिल्हे एकच कशावरून, असे कोणी विचारले नाही. विचारायचे कारणही नव्हते, सरकारी राजपत्रात ते छापलेले आहे. गरिबाच्या नामांतराचे राजपत्र निघत नाही. ते शाळेच्या रजिस्टरात एका गुरुजींच्या हस्ताक्षरात होते आणि साठ-सत्तर वर्षांनी नातवंडांना त्याचा पुरावा द्यावा लागतो.

पुतणीने पडताळणीचा अर्ज भरताना मला विचारले होते, ‘चाचा, मग आपलं खरं आडनाव कोणतं?’ तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज सांगेन, की दोन्ही खरी आहेत. पिंजारी हे आपल्या हातांनी काय केले त्याचे नाव आहे आणि शेख हे आपल्याला कशी हाक मारली जावी, असे आपल्या माणसांना वाटत होते त्याचे. तिच्या वैधता प्रमाणपत्रावर आता दोन्ही शब्द एकाच पानावर आहेत : नावात शेख, जातीच्या रकान्यात पिंजारी. आमच्या घरातला असा हा पहिलाच कागद.